थिओची पावलं

चित्रपटाचा शेवट बदलल्याचं ध्वनिप्रमुख हार्लनने तालीनला स्टुडिओच्या स्वयंपाकखोलीत, कॉफी ओतता ओतता सांगितलं. वाईट बातमी द्यायची असली की हा माणूस हाताला काहीतरी चाळा लावून घेई.

"थिओची शक्ती आता जात नाही. वरून निरोप आलाय."

"मग कॉरिडॉरमधलं चालणं?"

"दृश्य तेच. फक्त पाय जमिनीपासून वीतभर वर. कॉम्प्युटरवर उचललेत. तूच बघ."

तालीनने पाहिलं. थिओ हा सोळा वर्षांचा मुलगा, हात लावेल त्याचं वजन नाहीसं करणारा, स्वतःचंही. सुपरहिरोंच्या एका लांबलचक चित्रपटमालिकेतला हा बाजूचा, छोटा चित्रपट. मूळ शेवटात थिओ बहिणीला वाचवताना शक्ती गमावून बसायचा आणि शाळेच्या रिकाम्या कॉरिडॉरमधून घरी निघायचा. संगीत नाही, संवाद नाही. नुसती पावलं, आणि पहिल्यांदाच वजन असलेली.

ती पावलं तालीनच्या आईची होती.

सिरानुश पडद्यावरच्या माणसांसाठी चालायची. चित्रीकरणात पावलांचा आवाज धड येत नाही. तो नंतर ध्वनिगृहात, पडद्याकडे बघत, पायाला पाय जुळवून काढावा लागतो. स्टुडिओंच्या गावात, बरबँकमध्ये, तिने उभा जन्म हेच केलं, आणि तालीनलाही हेच शिकवलं. राण्या, शिपाई, मारेकरी, सगळ्यांसाठी ती चालली होती. थिओ शेवटचा. तोवर फुप्फुसांच्या आजाराने ती इतकी वाळली होती की फरशीवर तिचा पाय पडल्याचं मायक्रोफोनला कळेना.

"आई, राहू दे. मी चालते," तालीन म्हणाली होती.

"तू? तू चाललीस तर वाटेल, पोरगा विम्याचा हप्ता भरायला निघालाय." सिरानुश मुलाच्या मापाच्या बुटांत मोजे कोंबत होती. "पाणबुडे बांधतात तो शिशाचा पट्टा आण. आणि तोंड पाडू नकोस, तालीन जान. जन्मभर डॉक्टर वजन कमी कर म्हणाले. आता वाढवतेय, तर तुझी हरकत!"

पट्टा बांधताना तालीनच्या बोटांना तिच्या कमरेची हाडं लागली. मग आई चालली. पहिली दोन पावलं बिचकत पडली, जमीन अनोळखी असल्यासारखी. पुढची त्या जमिनीवर भार टाकत गेली. काचेपलीकडे तालीनने डोळे मिटले, आणि त्या मुलाचं काय गेलं ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

वसंतात आई गेली. त्यांच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला शेजारच्या ग्लेंडेल गावातले सगळे नातलग जमले, तेव्हा तालीन त्यांना म्हणाली होती, चित्रपट लागला की शेवटी नीट कान द्या. ती आई आहे.

आता ती हार्लनला म्हणाली, "अगदी हळू ठेवता येणार नाहीत? बाकीच्या आवाजांखाली?"

"पोरी, पाय टेकतच नाहीत. आवाज कशाचा ठेवू?"

"तुम्ही वर बोला ना. त्याला चालू द्या म्हणावं. एवढंच मागतेय."

"बोललो. पुढच्या मोठ्या चित्रपटात सगळे हिरो एकत्र येणार, तिथे त्यांना थिओ उडताना हवाय. त्याची खेळणीसुद्धा उडतीच बनून आलीत. एका शेवटासाठी अख्खी मालिका अडत नाही, म्हणाले." तो तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, "सिरा असती तर काय म्हणाली असती?"

ते तालीनला पाठ होतं. पाय अधांतरी आणि पावलं वाजतायत, हे कुठल्या गाढवाचं काम? आईने स्वतःच ती काढून टाकली असती. भांडायला समोर कुणी उरलं नाही.

"मग तिथे काय हवंय?"

"जाकिटाची सळसळ. तुला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला..."

"मी करते."

ती पडद्यासमोर उभी राहिली. हातात जाकीट धरून, मुलाच्या खांद्यांवर नजर ठेवून तिने ते हलवलं. दुसऱ्या खेपेला जमलं. पोकळ, हवेशीर, बिनवजनाचं. हार्लनने काचेतून अंगठा दाखवला, आणि आपलं काम इतकं चोख उतरल्याची तिला शिसारी आली.

निघताना त्याने तिला जुन्या पावलांची फाइल दिली. "सिराची आहे. तुझ्याजवळ असू दे."

गाडीत बसून तिने काचा वर केल्या आणि ती लावली. ती खोकल्याची वाट बघत राहिली, एखाद्या सुस्काऱ्याची, पट्ट्याच्या करकरीची. पण आई कामाच्या वेळी श्वास रोखून धरायची. चालणारा स्वतः ऐकू आला तर काम फुकट, असं ती शिकवायची. त्या फुप्फुसांनिशी, त्या दिवशीही तिने तो कॉरिडॉरच्या दारापर्यंत रोखला होता.

तालीनने पुन्हा लावलं. आवाज वाढवला. रिकाम्या कॉरिडॉरमधून सोळा वर्षांचा एक मुलगा घरी निघाला होता. आई त्यात कुठेच नव्हती.