नंतरची अक्षता

पावडरच्या डब्याचं झाकण उघडलं की आधी व्हॅनिलाचा गोड वास यायचा आणि त्याच्या मागून माशाचा. महेश्वरीला हळूहळू तो मागचा वासच आधी यायला लागला होता. त्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. तिचे सासरे कल्लप्पा लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही घेत नसत. पण माशाच्या तेलानं पोरांचा मेंदू वाढतो असं कुणीतरी सांगितलं तेव्हा तेच म्हणाले होते, "पोरीला लागतंय तर द्या. औषधाला विटाळ नसतो." आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं ताट उचलून ते बाहेरच्या खोलीत जेवायला बसू लागले.

पोरगी म्हणजे अक्षता, महेश्वरीची एकुलती एक. सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडक भाकरीचे तुकडे आणि दहीभात, एवढंच ती खायची. बाकी काहीही पुढं केलं की ओठ गच्च मिटून घ्यायची.

ती बोलत नाही म्हटल्यावर घरात डबे येऊ लागले. नवऱ्याच्या, सोमेशच्या, बहिणीनं अक्कलकोटहून ब्राह्मीचं कसलंसं चूर्ण पाठवलं. मार्केट यार्डात सोमेशची कांद्याची अडत होती, तिथल्या शेजाऱ्यानं उंटिणीच्या दुधाची पावडर आणून दिली. मेडिकलवाल्यानं एक भलामोठा डबा काढला, त्यावर गोरंपान हसरं पोर. देणाऱ्या प्रत्येकाच्या माहितीत एक मूल होतं, जे त्याच डब्यानं बोलायला लागलं होतं. ते मूल नेहमी दुसऱ्या गावात राहायचं.

अक्षता काही केल्या घेईना, तेव्हा सोमेश तिचे हात धरायचा आणि महेश्वरी गाल दाबून चमचा आत सारायची. कधी दहीभातात कालवून द्यायची. एके सकाळी अक्षतानं सगळं तिच्या अंगावर ओकलं. कोमट, गोडसर, माशाच्या वासाचं ते पाणी गळ्यातून ब्लाउजमध्ये उतरलं. महेश्वरी अंघोळ करून आली तरी वास जाईना. त्या दिवसापासून अक्षतानं दहीभातही सोडला. उरली नुसती कोरडी भाकरी. ताटात पांढरं काही दिसलं की ती कान झाकून किंचाळायची.

तेव्हा महेश्वरीनं सगळे डबे पिशवीत भरले आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. "मॅडम, ह्यातला चांगला कुठला ते सांगा. एकच देते."

डॉक्टरीणबाईंनी एकेक डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली. "ह्यात सगळ्यात जास्त साखर. ह्यातही साखरच, वास तेवढा वेगळा. आणि ह्या चूर्णात काय आहे, किती आहे, ते लिहिलेलंच नाही. डब्याची डब्याशी तुलना करून काय मिळणार? पोरीच्या अंगात काय कमी आहे ते आधी बघू."

रक्त तपासलं. लोह कमी निघालं, ड जीवनसत्त्व कमी निघालं. त्यांनी तेवढ्याचेच थेंब लिहून दिले. "हे अंगाला लागेल, तिला तरतरी येईल. बोलणं मात्र ह्यातून येत नाही. बोलणं शिकवावं लागतं, आणि किती येईल ते मी आज सांगू शकत नाही."

महेश्वरीला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला फसवत नाही असं वाटलं.

बोलणं शिकवणारं थेरपी सेंटर चालूच होतं. तिथल्या मॅडम पाण्याचा पेला हातात धरून अक्षतासमोर बसायच्या. ती बघेपर्यंत थांबायच्या, मग शब्द म्हणायच्या, मग घोट द्यायच्या. महेश्वरीनं घरी तेच लावून धरलं. घरात कानडी, म्हणून शब्द कानडी. वर्ष असंच गेलं. दहीभात परत सुरू झाला. आणि एका दुपारी, महेश्वरी शेंगा भाजत असताना, अक्षतानं पदर ओढला आणि म्हणाली, "अव्वा, नीर."

महेश्वरीनं हातातली कढई तशीच खाली ठेवली. पाणी दिलं. मग घाईघाईनं फोन काढून पुन्हा विचारलं, "येनु बेकु, अक्षता?" काय पाहिजे? आणि अक्षतानं पुन्हा म्हटलं. तो व्हिडिओ तिनं सेंटरच्या आयांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यात आधी विजयमालाचा आवाजी निरोप आला. नुसता रडण्याचा.

विजयमाला मूळची सांगोल्याची. नवरा एसटीत. तिचा शिवराज अक्षतापेक्षा मोठा, ओठांवर मिसरूड फुटायला आलेला, आणि त्याला अजून एकही शब्द नव्हता. सेंटरच्या व्हरांड्यात महेश्वरीशी पहिल्यांदा बोलली ती विजयमालाच. झोपेत नखं कशी कापायची, पोरगं डोकं आपटायला लागलं की मध्ये उशी कशी सारायची, लोक बघायला लागले की आपण कुठं बघायचं, हे सगळं तिनंच शिकवलं होतं. अक्षताचं डोकं आपटणं फार वाढलं तेव्हा महेश्वरीनं त्याचाही एक व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता, काय करू म्हणून विचारायला.

अलीकडं विजयमालाच्या पिशवीत मात्र चकचकीत डबे दिसू लागले होते. व्हरांड्यात आया बसल्या की ती विषय काढायची. कुणाचं पोर काय घेतं, फरक किती पडला, आमच्या डब्यात काय जास्त आहे. रविवारी होटगी रोडच्या मंगल कार्यालयात त्या डब्यांच्या कंपनीचा कार्यक्रम होता. "पुण्याचे सर येणारेत. तू नुसती येऊन बस, महेश्वरी. माझ्यासाठी ये. घेऊ नकोस काही."

महेश्वरी गेली.

हॉल भरला होता. आईबाप पोरांना मांडीवर, कडेवर घेऊन बसले होते. कुणी लांबून आलेले. पायांत धुळीच्या चपला, हातात शिदोरीची पिशवी. पुढं टेबलावर सोनेरी डबे, आणि शेजारी इतर कंपन्यांचे डबे, नावांवर काळी पट्टी चिकटवलेले. पुण्याचे सर म्हणजे मानसिंग. कोट, गुळगुळीत दाढी, तोंडात वेलदोडा. त्यांनी काचेच्या पेल्यांत पाणी घेतलं. एकात दुसऱ्यांची पावडर टाकली. ती गुठळ्या होऊन तळाशी बसली. दुसऱ्यात आपली टाकली. ती सरसर विरघळली.

"बघा! इकडं गाळ, इकडं अमृत. जे पेल्यात विरघळतं तेच अंगी लागतं."

साखरही विरघळते, असं महेश्वरीच्या मनात आलं. नमुन्याचे छोटे पेले फिरले. तोच व्हॅनिलाचा वास नाकात शिरला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिनं पेला पुढं सरकवून दिला.

मग दिवे मालवले आणि पडद्यावर अक्षरं उमटली : 'आधी'.

महेश्वरीनं ओळखली ती फरशी. तिच्या स्वयंपाकघराची फरशी, ओट्याजवळ टवका गेलेली. त्यावर अक्षता पडली होती. डोकं आपटत होती, फ्रॉक कमरेपर्यंत वर गेलेला, तोंडातून लाळ. भिंतीएवढ्या पडद्यावर. मागं कुणीतरी च् च् केलं. शेजारच्या बाईनं आपल्या पोराचं डोकं छातीशी लपवलं.

'नंतर'.

"अव्वा, नीर."

महेश्वरीचा आवाज कापून टाकला होता. त्या जागी बासरी होती. खाली ओळ : 'अवघ्या तीन महिन्यांत कमाल!' हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. आपल्या लेकीच्या पहिल्या शब्दाला लोक टाळ्या वाजवतायत, आणि आपल्याला हात धुवावेसे वाटतायत, चेहरा धुवावासा वाटतोय. ती उभी राहिली.

"बंद करा ते."

मानसिंगनी हसून हात जोडले. "ताई, प्रश्न शेवटी घेऊ या."

"प्रश्न नाही. ती माझी मुलगी आहे. तिनं तुमची पावडर कधी तोंडात घेतलेली नाही. पहिलं ते बंद करा."

कुजबुज झाली. मानसिंगचा आवाज आणखी मऊ झाला. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. हे व्हिडिओ पालकांनीच दिलेत. उद्देश जनजागृतीचा आहे."

"माझ्या पोरीची चड्डी दिसायलीय त्यात! ही कसली जनजागृती?"

कुणीतरी दिवे लावले. महेश्वरीला वाटलं, आता लोक उठतील. एवढ्या आया आहेत, एवढे बाप आहेत. कुणीतरी डबे उधळेल, निदान निघून तरी जाईल.

मधल्या रांगेतला एक माणूस उठला. वळसंगचा ईरप्पा म्हणून त्यानं आधी आपली ओळख करून दिली होती. मांडीवरची त्याची मुलगी सारखी हात झटकत होती. तो अगदी अजिजीनं म्हणाला, "बाई, ह्यांची न्हाई दिली, ते कळलं. मग तुमी कुटली दिली? तेवढं सांगा की."

"कुठलीच नाही. लोहाचे थेंब दिले, ते अंगात कमी होतं म्हणून. बोलायला शिकवलं. वर्षभर."

"असं कसं? पोरगी बोलायलीय की." ईरप्पानं आशेनं वाट बघितली. ती आणखी काही सांगत नाही म्हटल्यावर त्याची नजर टेबलावरच्या सोनेरी डब्यांकडे गेली. इतरांचीही गेली. दोन बायका एकमेकींना म्हणाल्या, "सांगायचं नसेल तिला." मानसिंगनी माइक हातात घेतला. "काही लोकांना दुसऱ्यांच्या मुलांचं चांगलं बघवत नाही," एवढंच ते बोलले, आणि लोक उठून टेबलाकडे रांग धरू लागले.

महेश्वरी जिन्यावर आली. मागून विजयमाला धावत आली आणि तिनं दंड धरला. महेश्वरीनं झटकला.

"तू दिलास?"

"तोंड तर दिसत नव्हतं गं तिचं नीट त्या पहिल्यात..."

"विजयमाला, तू दिलास?"

"व्हय." ती पायरीवर बसली. "सर म्हनले, तुमच्याच पोराचा दाखवा, लोकांचा विश्वास बसतो. शिवराजला वर्ष झालं पाजते मी. दोन वेळा, रोज. आधीचा व्हिडिओ हाय माझ्याकडं. नंतरचा कुटनं आनू? त्याला 'नंतर'च न्हाई."

महेश्वरीला व्हरांडा आठवला. हिनंच आपल्याला उशी मध्ये सारायला शिकवलं. तिला विजयमालाची कीव आली, आणि त्याच वेळी तिच्या अंगाला येणारा तो व्हॅनिलाचा वास सहन होईना. दोन्ही एकदमच आलं, आणि कीव मागं पडली.

"तुला माहीत होतं, काही होत नाही. तरी त्या लोकांना विकायलीस?"

"मलाबी कुनीतरी विकलंच की."

महेश्वरी उरलेल्या पायऱ्या उतरली आणि फाटकाजवळच्या गटारीत थुंकली. तोंडात काही नव्हतं, तरी थुंकत राहिली.

सोमेशनं दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. मानसिंगच्या इंटरनेटवरच्या पानावरून व्हिडिओ निघाला. त्यांचा एक माणूस सोमेशच्या अडतीवर येऊन 'गैरसमज झाला' म्हणून गेला आणि जाताना एक सोनेरी डबा ठेवून गेला. सोमेशनं तो त्याच्या मागं जाऊन त्याच्या गाडीच्या डिकीवर ठेवला. पण व्हिडिओ तोवर पुष्कळ फिरला होता. श्रावणात सोमेशच्या बहिणीनंच तो अक्कलकोटहून महेश्वरीला पाठवला. खाली लिहिलं होतं : 'वहिनी, ही मुलगी अगदी आपल्या अक्षतासारखी दिसते. ही पावडर देऊन बघा की एकदा.' महेश्वरीनं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी फोनच बंद करून ठेवला.

विजयमाला बरेच आठवडे सेंटरला आली नाही. मग एके दिवशी आली. पिशवीत डबे नव्हते. शिवराज तिच्या खांद्याएवढा झाला होता. व्हरांड्यात बाक एकच रिकामा होता, महेश्वरीच्या शेजारचा. ती बसली.

"सोडलं मी ते," ती समोर बघत म्हणाली. "मागंच, उन्हाळ्यात."

महेश्वरीनं मान हलवली. चांगलं केलंस, म्हणावंसं वाटलं नाही. शिव्या द्याव्यात असंही वाटलं नाही. तिनं विचारलं, "शिवराज खातो का नीट?"

"वरणभात खातो."

"रक्त तपासून घे त्याचं एकदा."

"बरं."

शिवराज बाकाच्या टोकाला बसून भिंतीवरच्या उन्हाच्या पट्ट्यात बोटं नाचवत होता. आतून मॅडमनी अक्षताला हाक मारली. महेश्वरी उठली, लेकीचा हात धरून आत गेली, आणि जाताना तिनं दार ओढून घेतलं.