पेवेरेलींचा मूळपुरुष

"आता जे सांगणार आहे ना एनिड, त्यावर तुझा विश्वास बसायचा नाही. कुणाचाच बसायचा नाही. अख्ख्या हॅझलबरीत एक जरी माणूस म्हणाला की वॉल्टर पेवेरेली खरं बोलतोय, तर या मिशा उतरवून तुझ्या उशाशी ठेवीन."

"त्या मिशा तू आजवर नऊदा पणाला लावल्यास," एनिड उशीवरून म्हणाली. "टोपी काढ आधी. आणि जोडे पुसलेस का?"

वॉल्टरनं टोपी काढली. सूटकेस पलंगाच्या पायाशी मुद्दाम दणकन ठेवली, लांबून आलेल्या सामानाचं वजन ऐकू यायला हवं म्हणून. आत तीन शर्ट होते, आणि वजनाला हॅरल्डच्या पबमधल्या दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या.

वॉल्टर ऐंशी वर्षांचा होता. एकेचाळीस वर्षं त्यानं इंग्लंडातल्या या हॅझलबरी गावात टपाल वाटलं. दुसऱ्यांचं पत्र त्यानं एकदाही चुकीच्या दारात टाकलं नाही, आणि स्वतःची गोष्ट एकदाही सरळ रस्त्यानं नेली नाही. पबमध्ये तो सांगे की त्याचा खापरपणजोबा जोव्हानी पेवेरेली पाठीवर चाळीस बॅरोमीटर बांधून आणि सोबत एक अस्वल घेऊन इटलीहून चालत आला. वाटेत बर्फात अस्वल गारठलं, तेव्हा त्यानं तेही पाठीवर घेतलं. लोक हसत, पुढचा ग्लास भरून देत. त्या गोष्टीतलं एवढं मात्र खरं होतं की जोव्हानी हवापाण्याचा अंदाज सांगणारे बॅरोमीटर बनवायचा आणि शेतकऱ्यांना दारोदार विकायचा.

त्यानं स्वतःच्या हातानं केलेला एक बॅरोमीटर अजून घरात होता. पॅसेजमध्ये, बैठकीच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून. घरात सगळे त्याला नुसती 'काच' म्हणत. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, काटा कुठं हलतोय ते बघायचं, आणि मगच किटली ठेवायची, हा पेवेरेलींचा रिवाज. काटा गेली तीस वर्षं 'पालट' या शब्दावर अडून बसला होता. तरी टकटक कुणी सोडली नव्हती. ज्या दिवशी काच वाजणार नाही त्या दिवशी घरातलं कुणीतरी जगातून उठून जाणार, असं आजी म्हणायची. वॉल्टर हसायचा त्या बोलण्याला. हसत हसत रोज टकटक करायचा.

त्याची बहीण एनिड त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, त्यामुळं आडनाव जन्माचं तेच राहिलं. तिनं प्राथमिक शाळेत मुलांना अडतीस वर्षं शिकवलं, आणि दर वर्षी नव्या वर्गातला कुणीतरी कार्टा फळ्यावर माकड नाचवणारा इटालियन पेटीवाला काढून ठेवायचा. त्याचं तिला फार वाटत नव्हतं. चाळीस साली इटली इंग्लंडविरुद्ध युद्धात उतरली, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांच्या बियाण्यांच्या दुकानाच्या काचेतून वीट आली. एनिड तेव्हा नऊ वर्षांची होती. वडलांनी झाडू घेऊन काचा गोळा केल्या, पाटीवरचं आडनाव फडक्यानं पुसून लख्ख केलं, मग आत येऊन पॅसेजमध्ये दोनदा टकटक केलं आणि चहा ठेवला. वीट मारणाऱ्याच्या बायकोला त्याच आठवड्यात त्यांनी मटारचं बी दिलं.

आता एनिडचं हृदय थकलं होतं. जिना चढवत नाही म्हणून पलंग खाली बैठकीत आणला होता, भिंतीला लागून. डॉक्टर तिच्यासमोर काही बोलले नाहीत, दारात येऊन वॉल्टरला म्हणाले, आठवडे धरा, महिने धरू नका.

एनिडला ते न सांगताच कळलं होतं. तिनं वॉल्टरला एकच काम लावलं. दप्तरखान्यातून दोघांनी जोव्हानीच्या लग्नाच्या नोंदीची नक्कल आणली होती. वधू हॅना क्रम्प, तिचा बाप सॅम्युएल, धंदा खाटकाचा. वर जोव्हानी बत्तिस्ता पेवेरेली, धंदा बॅरोमीटरचा. आणि वराच्या बापाच्या रकान्यात नाव नव्हतं. पाद्र्यानं तिथं एक आडवी रेघ ओढली होती.

"त्या पानावर चार लग्नं आहेत," एनिड म्हणाली होती, "सगळ्यांना बाप आहेत. आपल्यालाच रेघ. चौऱ्याऐंशी वर्षं मी हे आडनाव ओढलंय, वॉल्टर. त्यापायी वीट खाल्ली. ते कुणाचं होतं ते कळल्याशिवाय मी काही त्या चर्चच्या आवारात जाऊन पडायची नाही. काचेच्या पाठीमागं गावाचं नाव लिहिलंय ना, तोर्नेलो? तिथं जा. पत्रबित्र नको. जाऊन डोळ्यांनी बघ, भिंतीला हात लाव, आणि येऊन सांग. आणि अस्वल आणू नकोस."

पत्र नको म्हणाली तरी जन्मभर टपाल वाटलेला माणूस, त्यानं निघायच्या तीन आठवडे आधीच तोर्नेलोच्या पाद्र्याला गुपचूप पत्र टाकलं होतं. उत्तर आलं ते नेमकं निघायच्या सकाळी. वॉल्टरनं ते खिशात घातलं, शेजारच्या बेरिल पिमला चार दिवस एनिडजवळ झोपायला सांगितलं, आणि स्टेशनच्या बाकावर बसून पाकीट फोडलं.

पाद्र्याचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, अक्षर मात्र स्वच्छ. अठराशे सतरा, नोव्हेंबरची नऊ. गावच्या धक्क्याला बांधलेल्या एका होडीच्या तळात, ओल्या पोत्यांखाली, दोन-चार दिवसांचा मुलगा सापडला. आईबाप अज्ञात. ज्याची होडी होती तो बत्तिस्ता पेवेरेली, निपुत्रिक, मुलाला कोटाच्या आत घालून चर्चपर्यंत चालत आला. मुलाला लिहायला नाव नाही, तेव्हा माझंच लिहा, म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात होडीवाला वारला आणि मूल डोंगरावरच्या एका दाईकडं गेलं. त्या आडनावाचं गावात त्यानंतर कुणीच नाही. घरही नाही, थडगं होतं ते पाण्यानं नेलं. याच्या मागं, महाशय, आमच्या वहीत काहीच नाही.

गाडी आली. दारं उघडली, दारं मिटली, गाडी गेली. वॉल्टर बाकावरच होता.

जायचं कुठं, आणि हात लावायचा कोणत्या भिंतीला? आणि परत फिरून घरी गेलो तर सांगायचं काय? की बाई गं, तू ज्या नावासाठी वीट खाल्लीस त्याच्या मागं कुणी नव्हतं. रेघच होती, आणि रेघेखाली ओली पोती होती? मरायला टेकलेल्या माणसाला हे सांगणाऱ्याची जीभ कशाची करावी?

तो बसनं हॅरल्डच्या पबकडं गेला.

"इटली फारच जवळ निघाली की," हॅरल्ड ग्लास पुसता पुसता म्हणाला.

"वरची खोली दे चार दिवस. आणि तोंड बंद ठेव."

"आयुष्यात पहिल्यांदा तू गोष्ट सांगायची नाही म्हणतोयस. तब्येत बरी आहे ना रे?"

चार दिवस वॉल्टर माळ्यावरच्या खोलीत बसून इटली रचत राहिला. सकाळी तेवढा घरामागच्या दारानं हळूच जायचा. बेरिल दार उघडायची आणि कुजबुजून सांगायची, रात्री दोनदा उठल्या, किंवा सूप घेतलं बरं का अर्धी वाटी. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो, मिस्टर पेवेरेली?" हेही रोज विचारायची. वॉल्टर जोडे हातात धरून पॅसेजमध्ये जायचा, दाराच्या फटीतून पांघरूण वरखाली होतंय एवढं बघायचा, आयुष्यभर सकाळी जे करत आला ते करायचा आणि आल्या पावली परत जायचा.

आणि आज पाचव्या दिवशी दुपारी तो पुढच्या दारानं, सूटकेस आपटत, इटलीहून आला होता.

"सांग," एनिड म्हणाली. तिचा श्वास मधेमधे अडत होता.

वॉल्टरनं स्टूल ओढलं. "तोर्नेलोला होडीतनंच जावं लागतं. धक्क्यावर उतरलो, तर समोर एकशे चार वर्षांची म्हातारी. तिनं माझं नाक बघितलं आणि किंचाळली, पेवेरेली! घराघरांतनं माणसं धावली. एनिड, देवाशपथ सांगतो, सगळ्यांना हेच नाक. पोस्टमास्तरला हे नाक, न्हाव्याला हे नाक, चर्चमधल्या संतालासुद्धा कुणीतरी हेच नाक बसवलंय."

"बिचारा संत."

"टेकडीवर वाडा आहे. साठ खोल्या. सातशे वर्षं पेवेरेली तिथं राहिले. नगराध्यक्षानं किल्ली माझ्या हातात दिली, अशी, हातभर लांब. आत तसबिरीच तसबिरी. वडलांचा तो हट्टी जबडा आठवतो? चौदा तसबिरींत आहे."

"मग ती रेघ?" एनिडनं विचारलं.

वॉल्टर तयारच होता. "तो धाकटा मुलगा. सतरावा. बापाशी भांडून घर सोडलं. मानी माणूस. इंग्लंडात पाद्र्यानं बापाचं नाव विचारलं तर म्हणाला, माझा बाप मेला मला. मार रेघ."

एनिडनं हात पांघरुणावर ठेवला होता, त्यावरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. वॉल्टरला वाटलं, इथं थांबावं. साठ खोल्या पुष्कळ झाल्या. पण चार दिवस खिशातलं ते पत्र त्याच्या बरगडीला टोचत होतं. आणि कुणाला पटो न पटो, ज्या एका माणसानं खरोखर काही केलं होतं त्यालाच गोष्टीतनं हाकलून द्यायचं त्याच्या जिवावर आलं.

"वाड्यात एक होडीवाला होता," तो म्हणाला. "नोकर म्हण. बत्तिस्ता त्याचं नाव. साधाच माणूस. मूलबाळ नव्हतं त्याला. नोव्हेंबर होता, पाऊस लागलेला. तो होडीपाशी गेला तर आत पोत्यांखाली… म्हणजे ते पोर लहानपणी होडीत जाऊन बसायचं ना. तर त्यानं काय केलं, कोटाची बटणं काढली आणि त्याला आत घेतलं. अंगाला लावून. आणि चालत निघाला. चढ आहे बरं का तिथं, आणि तोही काही तरणा नव्हता. चर्चमध्ये सगळे म्हणाले, बाबा, हे तुझं कोण? तर म्हणाला, माझं लिहा."

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला होता. हातवारे थांबले होते. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"मग परत वाड्यावर आणून सोडलं त्याला," तो घाईनं म्हणाला. "साठ खोल्यांच्या."

"वॉल्टर."

"हं."

"तू इटलीला गेलाच नाहीस."

"काय बोलतेस! ही सूटकेस बघ, हे…"

"रोज सकाळी सातला काच वाजली. चारही दिवस. टक, टक. मग काटा बघायला लागतो तेवढा वेळ काही नाही, आणि मग मोजे घातलेली पावलं. बेरिल त्या काचेला बोट लावत नाही, भुताटकी वाटते तिला. आणि ती वाजते ती माझ्या उशीमागच्याच भिंतीत." तिनं श्वास गोळा केला. "रोज मी वाट बघायची, आणि रोज वाजायची. खोटारड्या. साठ खोल्या खोट्या, किल्ली खोटी, नाकं सगळी खोटी. आता त्या होडीवाल्याचं तेवढं पहिल्यापासून सांग."