घरपट्टीचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. पण मला पाहून नाचायला लागू नका. मी लग्नातला नाही, जत्रेतलाही नाही. मी नगरपालिकेचा ढोल आहे. ज्यांची घरपट्टी थकली असेल त्यांच्या दारात मला वाजवत असत. चार शेजारी बाहेर येऊन बघू लागले की आतला माणूस शरमेने पैसे काढून देई. हे चांगले काम आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते.

माझा जन्म देवगाव रंगारीच्या बाजूला, मेंढरांच्या कळपात झाला. मुंजाबा नावाच्या मेंढपाळाने कडुलिंबाचे खोड आतून कोरले, त्यावर बकऱ्याचे कातडे चढवले आणि दोऱ्या ओढून ओढून स्वतःचे तळहात सोलून घेतले. पहिली थाप मात्र त्याने आपल्या मुलाला, सोनाजीला मारायला लावली. त्या आवाजाने मेंढरे बुजून पळाली आणि सोनाजीची नवी नवरी मंजुळाबाई तोंडाला पदर लावून हसली. ते हसू मला अजून ऐकू येते.

तेव्हा पोलिस ॲक्शन होऊन थोडीच वर्षे झाली होती. निजामाचे राज्य गेले होते, पण कर म्हटले की लोकांना अजून करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा नाकाच आठवायचा, जिथे तुपाचे गाडगेसुद्धा उघडून बघत. जवळच्या एका गावात नवी नगरपालिका निवडून आली. गावाचे नाव मी सांगत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच नांदायचे आहे. पालिकेला दवंडी देणारा शिपाई हवा होता. मेंढरे हाकून हाकून सोनाजीचा आवाज मोठा झालेला. तो मला गळ्यात अडकवून गेला आणि नोकरी घेऊन आला.

पालिकेचे अध्यक्ष नानासाहेब मोठे जमीनदार. पहिली दवंडी त्यांनी स्वतः सांगितली आणि सोनाजीने ती गल्लोगल्ली दिली.

"ऐका हो ऐका! आता राज्य आपलं हाये. ज्याचं घर मोठं त्याची पट्टी मोठी, ज्याचं घर बारकं त्याची बारकी. त्या पैशातून नळ येतील, दिवे येतील, आन् जो गावाची चाकरी करील त्याचं म्हातारपण गाव सांभाळील हो!"

ओट्यावर बसलेली भागूबाई म्हातारी ओरडली, "का रं सोनाजी, शेवटचं तू तुझ्या पदरचं घातलंस व्हय?"

लोक हसले. सोनाजीही हसला. "नाय आत्या, अध्यक्षांचाच शबूद हाये. आवाज तेवढा माझा."

मग कचेरीत माझ्या खोडावर पांढऱ्या रंगाने पालिकेचे नाव घातले. त्या दिवसापासून मी मुंजाबाचा ढोल राहिलो नाही. मंजुळाबाईला ते आवडले नाही.

"मामंजींच्या हातची वस्तू. दिऊन टाकलीत?"

"दिली कुठं?" सोनाजी म्हणाला. "मी पालिकेचा, ढोल पालिकेचा, पालिका गावाची. सगळं घरातच हाये की."

मलाही तसेच वाटले. आणि पहिली वर्षे खरोखर तशीच होती. देवीची लस टोचायला डॉक्टर आले की मी वाजायचो. बाजाराचा दिवस बदलला की मी वाजायचो. मार्च महिन्यात वसुलीला निघायचो. सोनाजी आदल्या दिवशीच ज्याच्या त्याच्या कानावर घालून यायचा, म्हणजे पुष्कळदा मला वाजावेच लागत नसे. घरात कुणी आजारी असेल तर तो काठी खाली ठेवी आणि नुसत्या बोटांनी मला हळू वाजवी. पट्टी जमा होत गेली, आणि एका उन्हाळ्यात नळाला पाणी आले. मंजुळाबाईने नळाला हळदकुंकू वाहिले आणि बोटाला उरलेले कुंकू माझ्या कातड्यावर टेकवले. "हे पानी तुझ्या पायी आलं बरं," ती मला म्हणाली. एवढे कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही.

नानासाहेबांनंतर त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पुढारी झाले. त्यांनी वैजापूरच्या रस्त्याला मोठे मंगल कार्यालय बांधले. त्याची पट्टी एकदाही आली नाही. अखेर बाहेरगावाहून आलेल्या एका मुख्याधिकाऱ्याने हुकूम काढला की आप्पासाहेबांच्याही दारात ढोल गेला पाहिजे. वसुलीचे कारकून बद्रीनाथ आणि सोनाजी मला घेऊन निघाले. बद्रीनाथ घामाघूम झाले होते. सोनाजी मात्र नवा सदरा घालून आला होता.

आम्ही पोचलो तर तिथे लग्न होते. गंगापूरचे वऱ्हाड दारातच उतरत होते. सोनाजीने काठी उचलली आणि मला असे बडवले, की तितका मोठा मी कधीच वाजलो नव्हतो. वऱ्हाड थबकले. मग नवरदेवाच्या मामाने फेटा सावरला, दोन्ही हात वर केले आणि तो नाचू लागला. त्याच्या मागे सगळे वऱ्हाड नाचू लागले!

बद्रीनाथ ओरडत होते, "अहो, हा वसुलीचा ढोल आहे! वसुलीचा!"

"कशाचा का असंना, ठेका लई झ्याक हाये!" मामा म्हणाला.

आप्पासाहेब पायरीवर उभे राहून पोट धरून हसत होते. त्यांनी खिशातून नोट काढली, नवरदेवावरून ओवाळली आणि माझ्या दोरीत खोचली. "वाजव सोनाजी, वाजव! पट्टीचं मागनं बघू."

सोनाजी क्षणभर थांबला. नवरीकडच्या बायका आरतीची ताटे घेऊन खोळंबल्या होत्या. त्याने ती नोट काढून पायरीवर ठेवली आणि वऱ्हाड मांडवात जाईपर्यंत वाजवत राहिला. बद्रीनाथ तेवढ्यात पंगतीला जाऊन बसले होते. सोनाजी उपाशीच घरी आला.

"मांडवातून आलात आन् जेवला नाय?" मंजुळाबाईने विचारले.

"वसुलीला गेलो व्हतो, जेवायला नाय."

"मंग वाजवलं कशाला?"

"नवरीचा काय गुन्हा?" तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात त्या मुख्याधिकाऱ्याची बदली झाली. नंतर मला मोठ्या दारांपुढे कधीच थांबवले नाही. आप्पासाहेबांचे पाहून व्यापारी शिकले, व्यापाऱ्यांचे पाहून कारखानदार. बारक्या घरांपुढे मात्र वरून सांगून मला जोरात वाजवू लागले. माझा आवाज तोच होता. तो कुणाच्या कानात घालायचा, हे माझ्या हातात नव्हते.

सोनाजी निवृत्त झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. त्याने मला स्वतःच्या हाताने कचेरीतल्या खुंटीला टांगले. काही वर्षे पेन्शन नीट आली. पुढे पालिकेला पैसा देणारी जकात बंद झाली. सरकारकडून येणारे पैसे कधी यायचे, कधी वाटेतच अडायचे, आणि गावातली मोठी थकबाकी तशीच राहिली. पेन्शन आधी उशिरा येऊ लागली, मग येईनाशी झाली. सोनाजी कचेरीत विचारायला यायचा. "वसुली झाली की देऊ," असे त्याला सांगायचे, आणि तो मान हलवून जायचा. त्याला ते पटायचे, मित्रांनो! जन्मभर त्याने वसुलीच केली होती ना.

पेन्शन नाही म्हणून त्याच्याच दोन खोल्यांची घरपट्टी थकली. आणि एका सकाळी मला खुंटीवरून काढले. मला वाजवायचे काम आता बन्सी नावाचा कंत्राटी कामगार करत होता. त्याला ठेका सोनाजीनेच शिकवला होता. वसुलीचे पथक सोनाजीच्या गल्लीत वळले तेव्हा बन्सी मागे मागे राहू लागला. दारात पोचल्यावर तो उभाच राहिला. वसुली अधिकारी म्हणाले, "वाजव. नळ तोडणारा पण थांबलाय."

"साहेब, हे आमचे सोनाजीबाबा हायेत. त्यांच्या दारात माझा हात उचलत नाय."

सोनाजी बाहेर आला. खूप वाळला होता. त्याने बन्सीच्या गळ्यातून मला काढले आणि आपल्या गळ्यात घातले. त्याच्या छातीचे ठोके मला लागत होते. मग त्याने पूर्वीसारखी थाप दिली आणि पूर्वीसारखाच आवाज काढला.

"ऐका हो ऐका! सोनाजी शिपायाकडं पालिकेची घरपट्टी थकली हो! आन् पालिकेकडं सोनाजीची पेन्शन थकली हो!"

गल्लीतली दारे उघडली. कुणी हसले नाही.

"पुरे," अधिकारी म्हणाले. "पहिलं तेवढं म्हणा."

"निम्मी दवंडी देत नसतात, साहेब."

मंजुळाबाईने हंडा आणून नळाखाली लावला. "एवढा भरू द्या," ती म्हणाली. "मंग तोडा." हंडा भरेपर्यंत सगळे पथक उभे होते. मग त्यांनी नळ तोडला. शेजारच्या आशाबाईने आपल्या नळावरून पाणी न्यायला सांगितले, पण सोनाजी म्हणाला, "नगं. तुमची बी पट्टी थकली आसंल, तर तुमचा बी जाईल."

पुढे मागची थोडी पेन्शन निघाली. मंजुळाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिचे ऑपरेशन मागे ठेवून सोनाजीने आधी घरपट्टी भरली. "लोकांच्या दारात मी वाजवलंय," एवढेच तो म्हणाला. पेन्शन पुन्हा थांबली, आणि नळ पुन्हा जोडण्याचा अर्ज मंजूर होण्याआधीच सोनाजी गेला.

आता वसुलीला रिक्षा फिरते, तिच्यावर कर्णा असतो. मला भंगारात काढले तेव्हा बन्सीने मला विकत घेतले आणि मंजुळाबाईकडे आणून दिले. ती आता छत्रपती संभाजीनगरात लेकीकडे असते. मी तिच्या खाटेखाली असतो. बन्सी कधी भेटायला येतो.

"मामी, तुम्हाला निदान मागायला तरी काही हाये," तो परवा म्हणाला. "आम्हाला तर पेन्शनच नाय."

"मंग आत्ताच बोला की," मंजुळाबाई म्हणाली. "आमच्यावानी गप बसू नगा."

ती नवऱ्यामागची पेन्शन विचारायला अजून दर महिन्याला एसटीने त्या गावी जाते. लेक तिचा हात धरून तिला खिडकीपर्यंत नेते. खिडकीतला नवा कारकून विचारतो, "आजी, कोण होते तुमचे?" ती सांगते, "दवंडीवाले सोनाजी." त्याने ते नाव ऐकलेले नसते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. घरे बांधाल, दुकाने घालाल, तुमच्यातला कुणी अध्यक्षही होईल. मला तेल लावा, उंदरांपासून जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या वाटणीचा कर कुणी दारात येण्याआधी भरा, आणि जो सर्वांत मोठा असेल त्याच्याकडे आधी मागा. ज्यांनी गावासाठी हाडे झिजवली त्यांना वाट पाहायला लावू नका. माझे कातडे सैल झाले तर दोऱ्या ओढून पुन्हा ताणता येते. मंजुळाबाईला तेवढी सवड नाही. तिचे जे आहे ते तिला, ती जिवंत आहे तोवर द्या.