देवाला दिलेली मुदत

"आणि देवाचं मे महिन्यापर्यंत उरकलं नाही तर?"

हा प्रश्न मी चर्चच्या तळघरात, दृढीकरणाच्या वर्गात, सगळ्यांसमोर पाळकबाई गुनवोरना विचारला. थाले आणि ओड्नी या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. "रोज आमचं डोकं खातेस, आता बाईंना विचारून दाखव. नाही विचारलंस तर वर्षभर गप्प बसायचं." गेल्या वर्षापर्यंत मी हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे. यंदा कुठे कंठ फुटलाय, आणि लगेच वर्षभर गप्प? विचारलं.

"कशाचं उरकायचंय त्याला?" पाळकबाई म्हणाल्या.

"माझं."

वर्ग हसला. थाले तर टेबलाखाली गेली. पाळकबाई म्हणाल्या, "सुन्निवा, नंतर थांब. कप पुसायला."

आमच्या बेटावर पंधराव्या वर्षी जवळजवळ सगळेच दृढीकरण घेतात, म्हणजे तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याला आता स्वतःच्या तोंडाने हो म्हणतात. विश्वास असलेले घेतात, अर्धामुर्धा असलेले घेतात, आणि ज्यांचा भेटवस्तूंवर गाढ विश्वास आहे ते तर सगळ्यांच्या पुढे असतात. मे महिन्यातल्या एका रविवारी वेदीपुढे गुडघे टेकायचे, पाळकबाई डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार, मग हॉलमध्ये जेवण, काकालोकांची भाषणं आणि बदामी केकचा मनोरा. तो हॉल आईबाबांनी मी बारा वर्षांची असतानाच धरून ठेवलाय. माझा बुनाड, म्हणजे त्या दिवशी घालायचा लोकरी, भरतकामाचा पोशाख, आई दोन हिवाळे शिवतेय. सगळ्यांचं सगळं ठरलं होतं. देवाचंच तेवढं ठरत नव्हतं.

त्याचं असं झालं, की मागच्या ऑगस्टमध्ये मी जेवताना, तोंडात मासा असताना, जाहीर केलं होतं: मी काही भेटवस्तूंसाठी गुडघे टेकणार नाही. मेपर्यंत माझा विश्वास खराखुरा झालेला असेल, आणि तशी मी देवाला कल्पना दिली आहे.

"मग काय म्हणाला तो?" बाबांनी विचारलं.

"कळवेल," मी म्हटलं.

कळवेना. मग मी त्याला मदत करायला लागले. चीज सोडलं. पहाटे धक्क्यावर जाऊन प्रार्थना केली. उत्तर म्हणून सर्दी मिळाली. आजीकडे एक डबी आहे, तिला 'मान्नाचे दाणे' म्हणतात; मान्ना म्हणजे बायबलात देवाने वाळवंटात रोज आकाशातून पाडलेलं अन्न. तिच्यात शास्त्रवचनांच्या इवल्या सुरळ्या असतात. सकाळी चिमट्याने एक उचलायची आणि दिवसभर तिच्यावर जगायचं. मी उचलली. निघालं, वाट पाहा. परत टाकली, डबी हलवली, दुसरी उचलली. धीर धर. पुढची उचलताना आजीने हातावर चापट मारली.

"ही काय लॉटरी आहे का गं? आवडेपर्यंत काढत बसशील?"

"आजी, हिच्यात सगळ्या एकसारख्याच भरल्यात."

"मग ऐक की."

ऐकणं हा माझा विषय नाही. उतावळ्या नवऱ्याने निदान बाशिंग तरी गुडघ्याला बांधलं होतं. माझ्याकडे नुसतेच गुडघे होते.

तर, वर्ग सुटल्यावर मी कप पुसत पाळकबाईंना हे सगळं सांगितलं. सर्दीसकट.

"अगं, तुला इथे काही तयार करून आणायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तू तान्ही होतीस तेव्हा तुझा बाप्तिस्मा झाला, तेव्हाच देव हो म्हणाला. मेमध्ये तो तेच पुन्हा म्हणतो. परीक्षा नाही ही."

"मग त्याचं झालं. माझं कुठे झालंय? मी तिथे गुडघे टेकून हो म्हणणार, आणि आत नुसता केक."

"केक माझ्याही डोक्यात येतो."

"तुम्हाला कधी कळलं? नक्की?"

त्यांनी फडकं पिळलं. "तुकड्या-तुकड्याने. काही बुधवारी अजूनही वाटच पाहत असते."

"तुम्ही पण?"

"हो. मला वाट पाहण्याचा पगार मिळतो, एवढाच फरक."

मी हसले, पण कप हातातच राहिला.

"आणि एक सांगू?" त्या म्हणाल्या. "तू जे करतेयस ना, चीज सोडणं, डबी हलवणं, त्याला वाट पाहणं नाही म्हणत. वसुली म्हणतात. दृढीकरण यंदा घे, पुढच्या वर्षी घे, दोन्ही चालेल. ते मी नाही ठरवणार."

घरी जाताना चढावर मी काहीच मागितलं नाही. सवयच नव्हती, त्यामुळे फार विचित्र वाटत होतं. आकाशातून काही आलं नाही. एका मेंढीने मान वर केली आणि परत चरायला लागली. पण चालता चालता मला एक गोष्ट कळली आणि मी रस्त्यातच थांबले. मी तारीख ठरवली होती ती भीतीने. तो येणारच नाही अशी भीती. येणाऱ्याची खात्री असली की माणूस घड्याळ दाखवत बसत नाही. आणि मी तर देवाला हॉलच्या तारखेला हजर राहायला सांगत होते.

घरी आईने लगेच मला स्टुलावर उभं केलं आणि बुनाड चढवला. कमरेभोवती इतक्या टाचण्या, की श्वास घ्यायचीही चोरी. बाबा खुर्चीत बसून पाहुण्यांना कुठे कुठे बसवायचं ते ठरवत होते.

"हलू नकोस," आई टाचणी ओठांत धरून म्हणाली. "आणि तोंड का पाडलंयस? छान दिसतेयस."

"खूप छान झालाय, आई. खरंच. म्हणूनच आधी टाचणी तोंडातून काढ."

आईने काढली. बाबांनी वर पाहिलं. कंठ शाबूत होता.

"मी यंदा दृढीकरण घेत नाहीये," मी म्हटलं. "नको म्हणून नाही. हवंय म्हणून. देव येईल, मला माहीत आहे, पण हॉलची तारीख त्याची नाही, आपली आहे. मी थांबणार आहे. पुढच्या वर्षी लहान पोरांबरोबर पुन्हा त्या तळघरात बसेन, आणि तेव्हाही नाही झालं तर त्याच्या पुढच्या. हॉलवाल्यांना मी स्वतः फोन करते, काकांनाही. फक्त आधी मला कुणीतरी या टाचण्यांतून सोडवा."