दोन्ही पाय सारखे

"पाऊल वाजता कामा नये गं. कोण येऊन गेलं, ते मातीलाही कळता कामा नये."

बाबांचा हा आवाज भिंगरीनं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. मैदानाच्या कडेला बाबा पाठमोरे उभे होते, डोळे मिटून. अजूनही ते तसेच उभे राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि मास्तर पळणाऱ्याकडे बघत नाहीत, ऐकतात. कोण दमलंय, कोण घाबरलंय, कुणाच्या बुटाचा तळ झिजलाय, सगळं त्यांना पावलांवरून कळतं. पोरं मागे म्हणायची, "मास्तरांशी खोटं बोललं तर चालेल, खोटं पळू नका."

भिंगरी खोटं पळायला शिकली.

निवड चाचणी जवळ आली तसं बाबांनी तिचं पळणं एकदम वाढवलं, मऊ मातीवरून तिला डांबरी रस्त्यावर आणलं. डाव्या नडगीत, पुढच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागी दुखू लागलं. तिनं सांगितलंही होतं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला.

"हाड शाबूत आहे, राणी," बाबा सुटका झाल्यासारखे हसले. "स्नायू कुरकुरतोय नुसता. शेक घे, जाईल."

गेलं नाही. आधी पळताना दुखायचं, मग जिना उतरताना, मग नुसतं पडल्या पडल्या. पण बाबांचं ते हसू पुसायचा तिला धीर होईना. डावं पाऊल आता चोरून पडत होतं, आणि बाबांच्या कानाला ते लागणारच होतं. म्हणून तिनं उजवंही तसंच चोरलं. दोन्ही पाय सारखे लंगडले की लंगडणं ऐकू येत नाही.

"वा! काय ताल धरलायस आज," बाबा पाठमोरेच म्हणाले.

तिला फसवता आलं नाही ते मैदानावरच्या फिजिओताईंना. भिंगरी पायऱ्या तिरकी होऊन उतरताना त्यांनी पाहिलं आणि प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत बोलावलं. खोलीला मलमाचा वास होता. ताईंनी अंगठा नडगीवरून सरकवत आणला, एका जागी थांबवला.

"एका पायावर उडी मार."

भिंगरीनं मारली. हसत मारली. पाठीवर घाम फुटला.

"नाटकात का नाही गेलीस तू? चांगलं नाव काढलं असतंस." ताई स्वतः हसल्या नाहीत. "एक्स-रेत कोवळी चीर दिसत नाही, बाळा. एमआरआय करू. पळणाऱ्या प्रत्येकाच्या हाडाला बारीक चिरा पडतात. विश्रांती मिळाली, पोटात अन्न असलं की हाड त्या लिंपून घेतं. नाही मिळालं, तर चिरा एकमेकींना शोधत जातात. आणि तुझी जागा वाईट आहे. पुढची. पळता पळता एक दिवस कट्‌कन."

"मग?"

"आत्ताच थांबलीस तर काही महिने पळणं बंद. कुबड्या, पाण्यातला व्यायाम, पोटभर जेवण, मग हळूहळू परत चालणं, पळणं. मोडलं तर आत सळई." त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. "जेवतेस ना?"

"भरपूर."

"पाळी?"

"वेळेवर."

"हं. मास्तरांना मी सांगू?"

"नको, ताई. मीच सांगते."

ती घरी गेली. भात ताटाच्या कडेला सारला. हलकं अंग, हलकं पाऊल. सांगितलं काहीच नाही.

चाचणीच्या सकाळी आई कपाट उघडून उभी होती. "अगं, ही पॅडची पाकिटं साठत कशी चाललीत? मी आपली दर महिन्याला आणतेच आहे."

"जास्तीची आणली असशील."

कपाटाचं दार आईनं फार हळू लावलं.

मैदानावर आभाळ पांढरंफटक होतं, वारा पडलेला. कुणीतरी शर्यत सोडायचं पिस्तूल तपासून पाहिलं. कट्‌. भिंगरीचा हात नडगीवर गेला. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, पाठ फिरवली, डोळे मिटले. ती अंग गरम करायला एक फेरी मारू लागली. चोरलेलं डावं, चोरलेलं उजवं. वळणावर उजव्या नडगीतही काहीतरी जागं झालं. तीच जागा. तेवढीच, पेराएवढी.

तिनं पाय चोरणं सोडून दिलं.

पावलं वाजू लागली. एक जड, एक अर्धं, एक घासत. बाबांच्या कपाळावर आठी पडली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वळले, डोळे उघडून.

"कुणाचं पाऊल आहे हे?"

"माझं, बाबा." ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. "बरेच दिवस माझंच आहे. तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून मी दोन्ही पायांनी लंगडत होते. आता दोन्ही दुखतात. मी जेवत नाही, बाबा. माझी पाळीही बंद झालीय. मी आज पळणार नाही."