सात पट्ट्यांचा मासा

आत्याला घरात सगळे चोखंदळ म्हणत आणि तिच्या माघारी किटकिटी. दोन्ही खरंच होतं. चाळीस वर्षं तिनं शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. फुलाचा उभा छेद, बेडकाचं पोट, उगमापासून मुखापर्यंतची नदी. त्या पुस्तकांवर लेखकाचं नाव असे, छापणाऱ्याचं असे, कागद कुठल्या गिरणीचा तेही असे. चित्रं मात्र जणू आपोआप उगवलेली! आत्यानं याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण नवं पुस्तक हातात आलं की ती आधी नावांचं पान उघडून बघायची, आणि मग मिटून ठेवायची.

तर अशा या आत्याला अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा कामाला जुंपलं ते तिच्या भाचीनं. भाची माशांची शास्त्रज्ञ, तलावाकाठच्या तीन खोल्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. घरात तिला भिंगरीच म्हणत, कारण लहानपणापासून तिनं एका जागी बूड टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आई लवकर गेली, बाप सदा फिरतीवर, म्हणून पोर वाढली आत्याच्या टेबलाखाली, रंगाच्या वाट्या लवंडत. आत्याचा तिच्यावर भारी जीव. तो ती बोलून दाखवत नसे, ओरडून दाखवत असे.

"आत्या, मला नवा मासा सापडलाय!" भिंगरी दारातूनच म्हणाली. "जगात कुणी नोंदवलेला नाही असा."

"पायाचा चिखल पूस आधी."

"पुसते गं. ऐक तर. आपल्या तलावात जाळ्यात तो पांढुरका मासा येतो ना, बोटाएवढा? अंगानं तसाच, पण याच्यावर सात तांबूस पट्टे. लव्हाळ्यात सापडला. मेला की पट्टे जातात, फोटो काढला तर काच चमकते. जिवंतपणीचा रंग टिपणारं माणूस हवंय मला. असं एकच माणूस माझ्या ओळखीचं आहे, आणि ते आत्ता माझ्यावर ओरडायच्या बेतात आहे."

आत्यानं ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं.

"आणि त्याचं शास्त्रीय नाव मी ठेवणार," भिंगरी म्हणाली. "तुझं नाव."

"माझं? माशाला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"जगभरच्या पुस्तकांत छापतील. आपण सगळे गेलो तरी ते नाव राहील."

"काहीतरीच तुझं," आत्या म्हणाली, आणि चहा करायला म्हणून आत गेली. आत जाऊन तिनं चहाऐवजी नुसतंच पाणी उकळलं, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवसापासून आत्या प्रयोगशाळेत हजर. पट्टेरी मासे मागच्या कोठीत होते. भिंगरीनं त्यांना लव्हाळ्यातल्या चिखलासकट, पाणवनस्पतींसकट, झाकणाच्या बादलीतून असं जपून आणलं होतं की बाळंतिणीला कुणी आणणार नाही. टाकीतही तोच चिखल, तेच गवत. कोठीत कुणी फिरकत नसे. आत्या खिडकीशी स्टूल टाकून बसायची आणि तास न् तास हलायची नाही. मासे गवतातून बाहेर यायचे, तिच्याकडे बघायचे, आपल्या कामाला लागायचे. पाच दिवसांत तिनं पट्ट्यांचा तांबूस रंग असा पकडला की प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते कागदाला बोट लावून ओलं आहे का बघायला गेले. "हात नका लावू!" आत्या गरजली. सरांनी हात खिशात घातला.

नव्या माशाचा लेख सोमवारी दुपारी शोधपत्रिकेकडे जायचा होता. आता तुलनेसाठी शेजारी साधा, पांढुरका मासा काढायचा तेवढा बाकी होता. हे मासे पुढच्या खोलीत, उघड्या काचेच्या टाकीत. चिखल नाही, गवत नाही, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि दिवसभर माणसांची ये-जा. मोजायला आणि धुवायला सोपं म्हणून.

"इथं नाही जमायचं," आत्या म्हणाली. "दोन चित्रं शेजारी छापायची तर उजेड एकच हवा, चिखल-गवतही तेच. एक मासा माझ्या खिडकीशी दे."

आत्याची ही सवय जुनी. शनिवारी सकाळी तिनं मोठ्या बरणीत चिखल आणि गवत घालून एक पांढुरका मासा आत नेला, खिडकीत ठेवला आणि पेन्सिलीनं आकार काढत बसली. तासाभरानं रंग कालवायला घेतला, वर बघितलं, तर माशाच्या अंगावर फिकट पट्टा. तिनं चष्मा पुसला. पट्टा तिथंच. शेजारी दुसरा उमटत होता. जेवायच्या वेळेपर्यंत सात झाले.

आत्याला वाटलं, आपल्याच हातून अदलाबदल झाली. किटकिटं माणूस ते, असं सोडणार थोडंच? तिनं टाकीतले पट्टेरी मासे मोजले. जेवढ्यास तेवढे. मग त्यातला एक नुसत्या पाण्याच्या काचपात्रात घेऊन ती पुढच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांत मासा पांढुरका! घाबरला की पांढरा, निवांत असला की पट्टेरी. मासा एकच होता. तलावात होता तोच, जुना, नाव असलेला.

तिनं दोन्ही मासे आपापल्या जागी सोडले आणि कुणाला काही न बोलता घरी गेली.

रविवारभर चित्र टेबलावर पडून होतं. भिंगरीनं बजावलं होतं, खाली कोपऱ्यात सही कर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी सही मागितली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आत्याच्या मनात आलं. कोण बसणार आहे बरणीपुढे तासभर? निघालं उद्या काही, तर शास्त्रज्ञ बघून घेतील. आपण रंग भरले, रंग खरे आहेत.

तिनं बारीक कुंचला भिजवला. आणि नको तेव्हा तिला तो बेडूक आठवला. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिनं बेडकाच्या पुढच्या पायाला पाच बोटं काढली होती. असतात चार. चित्र अकरा वर्षं छापलं गेलं. लाखो पोरांनी पाच बोटं गिरवली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आत्याला त्या अकरा वर्षांत एकदाही ते पान उघडवलं नव्हतं. इथं तर पान भिंगरीचं होतं. पोरीनं सहा वर्षं त्या तलावात गुडघाभर चिखलात काढली होती. उद्या कुठलं तरी शहाणं हसलं असतं, तर ते त्या पोरीला हसलं असतं.

आत्यानं कुंचला धुऊन ठेवला.

सोमवारी सकाळी भिंगरी वाऱ्यासारखी कोठीत शिरली. "झालं? सही केलीस? दे, सर थांबलेत."

"बस."

"आत्या, वेळ नाहीये."

"बस म्हटलं ना. आधी पुढच्या टाकीतला एक मासा तुझ्या हातानं काढून या बरणीत घाल. नाहीतर म्हणशील म्हातारीनं घोळ घातला. आणि मग इथं बस. बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही."

आत्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच भिंगरी घाबरली. तिनं मासा आणला आणि बसली. पहिली दहा मिनिटं तिची नुसती तडफड. नखं खाल्ली, घड्याळ बघितलं, उसासे टाकले. आत्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कुठे पाय थांबला. दोघी बरणीकडे बघत बसल्या. सर एकदा दारात डोकावले आणि आत्याचा चेहरा बघून आल्या पावली परत गेले.

पहिला पट्टा उमटला तेव्हा भिंगरीचा हात तोंडावर गेला. सातव्याला ती रडत होती.

"तुला कधी कळलं?"

"शनिवारी."

"काल का नाही बोललीस?"

"काल मी चोर होते," आत्या म्हणाली. "सही करायला बसले होते. नाही झाली."

भिंगरीनं नाक पुसलं. शास्त्रज्ञच ती. रडता रडता तिचं डोकं चालू झालं होतं. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं घाबरलेलेच मासे मोजत होतो. हे लिहायला हवं आत्या, हे तर जास्त..." आणि मध्येच तिचा चेहरा पडला. "पण तुझं नाव गेलं गं. मला तुला काहीतरी द्यायचं होतं. दुसरं काय होतं माझ्याकडे?"

"मला काही नको."

"खरं सांग. वाईट नाही वाटत?"

आत्या म्हणणार होती, छे गं, या वयात कसलं नाव. पण पोर समोर लाल डोळ्यांनी बसली होती, आणि एकदा खरं बोलायला लागलं की मध्येच थांबता येत नाही.

"वाटतंय," आत्या म्हणाली. "फार वाटतंय. मला हवं होतं ते नाव. आणि मूर्खासारखी मी चार मैत्रिणींना फोन करून सांगून बसलेय. आता कुठल्या तोंडानं..."

भिंगरीनं पिशवीतून आत्याचा फोन काढला आणि पहिल्या मैत्रिणीला लावला.

"मी भाची बोलतेय. तो मासा नवा नाही निघाला. नाही, नाही, ऐका ना. माझी चूक होती. मोठी चूक. आमच्या इथल्या कुणालाच कळली नाही, सरांनाही नाही. ती शोधून काढली..." आणि तिनं आत्याचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, बक्षिसाला स्टेजवर बोलावतात तसं.

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. आत्यानं डोळ्यांना पदर लावला आणि भाचीच्या दंडाला हळूच चिमटा काढला.

"जरा मोठ्यानं सांग गं," ती म्हणाली. "तिला कमी ऐकू येतं."