माझ्या कोपऱ्यात अडकलेली पुडी

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. एल्मच्या लाकडाची, चार पितळी कोपऱ्यांची, आणि वयाने तुमच्या पणजीच्याही वरची. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या डोंगरांना टेकून आमची काउंटी आहे. काउंटी म्हणजे तुमचा जिल्हाच म्हणा ना! त्यातलं ब्रॅकनहोप हे माझं गाव. १८८९ साली काउंटीच्या कौन्सिलची पहिली निवडणूक लागली आणि जोसाया बेडोज नावाच्या सुताराने मला बनवलं. एरवी तो शवपेट्या बनवायचा. त्यामुळे माझं काम त्याने फार मन लावून केलं, कारण आपली पेटी लोकांच्या डोळ्यांसमोर राहणार, हे त्याच्या नशिबी पहिल्यांदाच येत होतं. ओल लागू नये म्हणून त्याने आतून पत्र्याचं अस्तर लावलं. फक्त एका कोपऱ्यात पत्रा आणि लाकूड यांच्यात बोटभर फट राहिली. "राहू दे, आत कोण बघतंय!" असं तो स्वतःशीच म्हणाला. ते मी ऐकलं होतं.

पहिल्या दिवशी मी शाळेच्या वर्गात टेबलावर बसले. माझ्या झाकणावर लाल लाखेचा शिक्का, शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. तेव्हा बायकांना पार्लमेंटसाठी मत देता येत नव्हतं, पण स्वतःच्या नावावर घरपट्टी भरणाऱ्या विधवेला काउंटीसाठी देता यायचं. गिरणीवाली मिसेस टज आली. तिने चिठ्ठी टाकली आणि माझ्या झाकणावर हलकेच थोपटलं, अगदी गाईला थोपटावं तसं. पुढे किती हात आले! चिखलाचे, शाईचे, हातमोज्यातले. दोन्ही महायुद्धांत निवडणुकाच झाल्या नाहीत, तेव्हा मी कपाटात पडून असायचे आणि उंदरांच्या गप्पा ऐकायचे. पण युद्ध संपलं की लोक पुन्हा यायचे, सोबत आपापली कुत्रीही आणायचे, आणि मला फार बरं वाटायचं.

आमच्या गावात एक रीत होती. उभे राहिलेले दोघे उमेदवार सकाळी सगळ्यांच्या आधी एकत्र यायचे, हात मिळवायचे आणि स्वतःला मत न देता एकमेकांना द्यायचे. स्वतःच्याच मताने निवडून येणं आमच्याकडे हलकं समजत. कायद्यात हे कुठेही नव्हतं, पण सत्तर वर्षांत ही रीत कुणी मोडली नव्हती.

१९६१ साली उभे राहिले हेस्टर मॅडॉक्स आणि विल्फ्रेड गिटिन्स. हेस्टर शाळेतली बाई, तोंडाची फटकळ. विल्फ्रेडचं बी-बियाण्यांचं दुकान, माणूस मुलखाचा लाजाळू. दोघं लहानपणापासूनचे शेजारी. गावाला बस यायला हवी, हे दोघांचंही म्हणणं एकच. त्यामुळे भांडायला तसं काही नव्हतंच.

त्या सकाळी दोघं हसत आले. हेस्टरने मत टाकलं. मग विल्फ्रेड पुढे झाला. आयुष्यभर बियांच्या पुड्या बांधलेला माणूस तो. हातात कागद आला की बोटं आपोआप चालायची. मतपत्रिकेची त्याने नकळत पुडीच बांधली, तिकोनी, शेवटचं टोक आत खोचलेली. कशीबशी दाबून ती त्याने माझ्या तोंडातून आत सारली. ती घरंगळत गेली ती थेट जोसायाच्या फटीत. मला ते कळलं. पण मित्रांनो, पेटीला ओरडता येत नाही.

संध्याकाळी मिस्टर प्रीस नावाच्या अधिकाऱ्याने मला उलटी केली, पाठीत दोन धपाटे घातले आणि रिकामी म्हणून सर्वांना दाखवली. मोजणी झाली. दोनशे बारा आणि दोनशे बारा! बरोबरी! आणि दिलेल्या कागदांपेक्षा पेटीत एक कागद कमी.

"कुणीतरी खिशात घालून घरी नेला असेल," मिस्टर प्रीस म्हणाले. "दर वेळी एखादा निघतोच असा वेंधळा."

मग कायद्याप्रमाणे दोन नावं दुधाच्या भांड्यात टाकली आणि एक काढलं. विल्फ्रेडचं निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हेस्टर जागची हलली नाही.

"विल्फ, तुझं मत टाकलंस ना सकाळी?"

"टाकलं की! तुझ्यासमोर टाकलं."

"मी पाठमोरी होते, हातमोजे घालत होते. एक कागद कमी आहे, विल्फ. कुणाचा कमी असेल?"

विल्फ्रेडचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कोटाचे दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल, सुतळी आणि मूठभर मुळ्याचं बी जमिनीवर सांडलं.

"शोभतं का हे तुला, हेस्टर?"

"मला द्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचंस. चोरासारखं घरी कशाला न्यायचं?"

मी टेबलावरच होते. त्याची पुडी माझ्या कुशीत होती. आजही ते आठवलं की माझ्या जुन्या लाकडाला कापरं भरतं.

विल्फ्रेडने तीन वर्षं इमानाने काम केलं. बस आणली. पुन्हा मात्र उभा राहिला नाही. त्याच्या पाठीमागे लोक 'खिशातल्या मताचा गिटिन्स' म्हणायचे, आणि ते त्याला ऐकू यायचं. पुढच्या निवडणुकीला हेस्टर निवडून आली आणि वर्षानुवर्षं येत राहिली. पण तिने त्याच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. वाटाण्याचं बी आणायला ती त्यानेच आणलेल्या बसने आठ मैलांवरच्या शहरात जायची. ती जुनी रीतही त्याच साली बंद पडली.

पुढे काउंटीचा कारभार बदलला, पत्र्याच्या काळ्या पेट्या आल्या आणि मी गावच्या सभागृहात अडगळीत गेले. माझ्यावर कुणी चहाची किटली ठेवायचं, कुणी बूट. मला कुणी साधं फडक्यानेही पुसलं नाही. मला त्याचं दुःख नव्हतं. पोटातली ती पुडी तेवढी टोचत राहायची.

१९८९ साली कौन्सिलला शंभर वर्षं झाली. गावाने प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि मला साफ करायला आली कोण, तर हेस्टरच! केस पिकलेले, जीभ तशीच. "काय गं म्हातारे, किती घाण साठवलीस!" असं म्हणत तिने आतून ब्रश फिरवला. कोपऱ्यात काहीतरी लागलं. तिने विणायच्या सुईने ते बाहेर ओढलं.

पिवळी पडलेली तिकोनी पुडी. शेवटचं टोक आत खोचलेलं.

ब्रॅकनहोपमध्ये अशी पुडी एकच माणूस बांधायचा. तिने ती उघडली. तिच्याच नावापुढे मताची फुली होती, पेन्सिलीने मारलेली.

बराच वेळ ती माझ्या झाकणावर हात ठेवून रडली. मग तिने मला बागेतल्या एकचाकी गाडीत घातलं आणि तडक रस्ता ओलांडला. दुकानाची घंटी वाजली. विल्फ्रेड तराजूत घेवड्याचं बी तोलत होता. पंच्याहत्तर वर्षांचा, पाठीत वाकलेला.

हेस्टरने पुडी समोर ठेवली. त्याने तराजू खाली ठेवला आणि आत खोचलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"माझीच की ही."

"पेटीत अडकली होती रे. अठ्ठावीस वर्षं."

"मी म्हटलं होतं ना, टाकलं म्हणून."

"म्हटलं होतंस. सगळ्या गावासमोर तुझे खिसे उलटे करायला लावले मी. विल्फ, मी चुकले रे, फार चुकले!"

"गप गं. रडू नकोस इथे, बी भिजेल माझं."

ती रडता रडता हसली. "वाटाण्याचं बी दे मला. त्या शहरातल्याचं अर्धं उगवतच नाही मेलं."

"अठ्ठावीस वर्षं तेच पेरलंस?"

"तेच."

"चांगली अद्दल घडली!" विल्फ्रेड म्हणाला आणि त्याने पुडी बांधायला घेतली. शेवटचं टोक त्याने नीट आत खोचलं. त्या रविवारी चर्च सुटल्यावर हेस्टरने सगळ्यांना थांबवलं आणि स्वतःची चूक मोठ्याने सांगितली. 'खिशातल्या मताचा' हे शब्द त्यानंतर गावात कुणी उच्चारले नाहीत. मात्र विल्फ्रेडला पुढे दोनच वाटाण्याचे हंगाम मिळाले.

आता हेस्टरही नाही. मी सभागृहात खिडकीच्या काचेशेजारी असते. कुणाचा मुरंबा सर्वांत चांगला, याची मतं अजून माझ्यातच टाकतात आणि मोजणीआधी चारही कोपऱ्यांत हात फिरवतात. हेस्टरनेच तसं लिहून ठेवलं आहे. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मला पुसा, माझी फट लिंपा. आणि एखादा कागद कमी भरला, तर कुणाचे खिसे उलटे करण्याआधी माझे कोपरे चाचपून बघा.